जित्याचा सांगावा

बाळासो खराडे वारले, ही बातमी अंबूबाईला कळली तेव्हा बाळासो तिच्यासमोर सोप्यात बसून तांदळाची पेज पीत होते.

पेज अळणी लागतीय म्हणून त्यांची कुरकुर चालली होती आणि डॉक्टरानंच मीठ तोडलंय असं अंबूबाई त्यांना तिसऱ्यांदा सांगत होती. कराडच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणून जेमतेम दोन रात्री झाल्या होत्या. छातीत पाणी झालं होतं. मधे एक दिवस असा गेला की डॉक्टर कुणाच्या नजरेला नजर देईना. पण खराड्यांचं हाड चिवट. नवव्या दिवशी म्हातारा उठून बसला आणि पहिली चौकशी केली ती उसाला तोड कधी येणार याची.

सून सोनिया आतून आली ती हातात मोबाईल घेऊनच. तोंडाचा रंग उडालेला. ती सासूला आत्या म्हणे. नुसतं "आत्या" म्हणाली आणि मोबाईल पुढं केला.

अंबूबाई अक्षरं शिकली ती बावन्नाव्या वर्षी, बचत गटात अंगठा उठवायची लाज वाटायला लागली तेव्हा. उशिरा शिकलेलं माणूस वाचतं तशी ती वाचे. ओठ हलवत, एकेक शब्द पुरा करत, वरपासून खालपर्यंत. घरातली बाकीची मंडळी मोबाईलवरचं वाचत नसत, नुसतं बघत आणि बोटानं वर सरकवत. अंबूबाईनं सगळं वाचलं. काळ्या चौकटीत बाळासोंचा फेट्यातला फोटो. तो मागच्या वर्षी त्यांच्या पंचाहत्तरीला चौकात डिजिटल फलक लावला होता त्यावरचाच, हे तिनं ओळखलं. खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. त्याखाली 'अंत्यविधी सकाळी', आणि पुढं वेळेची जागा मोकळी. तळाला 'शोकाकुल' म्हणून अकरा चेहरे ओळीनं. पहिलाच चेहरा गुंडाचा, बाळासोंच्या पाठच्या भावाचा. शेवटचा शिवतेजचा, गॉगल लावलेला.

बाळासोंनी वाटी खाली ठेवली आणि हात पुढं केला. द्यावा की न द्यावा या विचारात सोनिया असतानाच त्यांनी मोबाईल घेतला, लांब धरला, मग जवळ धरला.

"फोटू बरा हाय," ते म्हणाले. "पर मी गेलो तर ह्या शिवत्याला ऊन कसलं लागतंय?"

शिवतेज हा बाळासोंच्या चुलतभावाचा मुलगा. मलकापुरात त्याचं डिजिटल फलकांचं दुकान. वाढदिवस, निवड, बारसं, मयत, काही असलं तरी खराड्यांच्या भावकीचा फलक शिवतेजच करी आणि 'समस्त खराडे परिवार' या ग्रुपवर पहिल्यांदा तोच टाकी. ग्रुपवर दीडशे माणसं होती. वस्तीवरची, कराडची, सांगलीकडची, पुण्यातली, आणि जम्मूपासून आसामपर्यंत पलटणीत असलेली. बातमी सकाळी आठला पडली होती. आता पावणेनऊ वाजत होते, आणि बासष्ट जणांनी दुःख व्यक्त केलं होतं.

सोनियानं ती एकेक करून दाखवली. त्यातली चाळीस तर शब्दाला शब्द सारखी. एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं बोटानं उचलून पुढं ठेवलेलं. जम्मूच्या पुतण्यानं तीन इंग्रजी अक्षरांत काम भागवलं होतं. आणि भामाबाई, बाळासोंची थोरली बहीण, जी मयताला आली की वेशीपासूनच हंबरडा फोडायची, मेलेल्या माणसानं कवा कुणाला पेरू दिला तेसुद्धा रडता रडता सांगायची, तिनं दोन जोडलेले हात आणि एक फूल पाठवलं होतं.

"भामीनं एकच फूल?" बाळासो म्हणाले आणि त्यांना खरंच वाईट वाटलं.

त्या सगळ्या फुलांच्या आणि हातांच्या मधे एकच आवाज होता. तो गुंडाचा. एक मिनिट चाळीस सेकंदांचा.

सोनियाचं बोट त्याच्यावर जाणार एवढ्यात अंबूबाईनं मोबाईल काढून घेतला. छाती अजून कच्ची आहे माणसाची, असं तिच्या मनात आलं. ती मागच्या पडवीत गेली, मोबाईल कानाला लावला आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला. मग पदरानं तोंड पुसून बाहेर आली. सोनियाला म्हणाली, आधी लिही की माणूस घरी हाय आन पेज पितंय. सोनियानं लिहिलं: मामा सुखरूप आहेत, कोणी चुकीचा गैरसमज करून घेऊ नये. दोनच मिनिटांत गुंडाचा आवाज तिथून नाहीसा झाला. त्या जागी एक ओळ उरली, की हा संदेश काढून टाकला आहे.

"काय म्हणत हुता?" बाळासोंनी विचारलं.

"मला काय विचारता, त्यालाच विचारा," अंबूबाई म्हणाली.

त्यालाच विचारणं अकरा वर्षांत झालं नव्हतं.

अकरा वर्षांमागं या दोघा भावांची आई गेली ती भर दुपारी. गुंडा तेव्हाही तासगावकडं सासऱ्याच्या द्राक्षबागेत राहत होता. बाळासोंचा मुलगा इंद्रजित पलटणीतून सुट्टीवर आला होता. त्यानं काकाला फोन लावला, उचलला नाही, मग मोबाईलवर चार शब्द लिहून पाठवले आणि वडिलांना सांगितलं, आबा, कळवलंय. बाळासोंनी चारपर्यंत वाट पाहिली. गुंडाचा मोबाईल बागेतल्या खोलीत खुंटीला अडकवलेला होता आणि गुंडा औषध फवारत होता. सातला तो आला तेव्हा ओढ्याकाठी राख धुमसत होती. त्यानं भावाला एवढंच विचारलं की सत्तर किलोमीटरला तुझ्याकडं पाठवायला एक माणूस नव्हता का. मग म्हणाला, ह्या घरचं पाणी आता माझ्या घशाखाली उतरायचं न्हाई. तेव्हापासून तो लग्नाकार्याला येई, मांडवाच्या कडेला उभा राही, अक्षता टाकी आणि पिशवीतल्या स्वतःच्या बाटलीतलं पाणी पिऊन परत जाई.

साडेनऊला शिवतेज मोटारसायकलवर आला. उतरला तो थेट बाळासोंच्या पायावर. त्याची हकिगत अशी की, दवाखान्यात तो वाईट दिवस उगवला तेव्हा त्यानं फलक तयार करून ठेवला होता. माणूस गेल्यावर दहा मिनिटांत फलक पडला नाही तर भावकी तोंड सोडते. त्यामुळं त्याच्याकडं साठीच्या पुढच्या सगळ्यांचेच फलक तयार असत, नुसती वेळ भरायची. आज पुण्याच्या वीरधवलचा वाढदिवस. त्याचा फलक टाकायच्या ऐवजी बोट शेजारच्यावर पडलं, आणि मोबाईल चार्जिंगला लावून हा गडी अंघोळीला गेला.

"सगळ्यांचं तयार हायत?" बाळासोंनी विचारलं.

"व्हय काका."

"भामीचं बी?"

शिवतेजनं मोबाईल हळूच खिशात सरकवला. बाळासोंच्या तोंडावर दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा हसू उमटलं.

तोवर माणसं यायला लागली होती. लिहिलेलं सगळ्यांपर्यंत गेलं, पण वाचायला कुणी थांबलं नव्हतं. फलक बघून जी निघाली ती वाटेतच होती. शेजारच्या वस्तीवरचा दादासो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तिरडीचे बांबू, मडकं आणि गोवऱ्या घालून अंगणात आला. बाळासो खुर्चीत बसलेले पाहून त्यानं ट्रॅक्टर बंदच केला नाही, तसाच उभा राहिला. बाळासोंनी त्याला हाक मारली. बांबू हिरवे आहेत, वेलवर्गी भाज्यांच्या मांडवाला उपयोगी पडतील, गोठ्याशी टाक म्हणाले. भामाबाई औंधहून मुलाच्या गाडीत आली. तिनं रीतीप्रमाणे वेशीपासूनच सुरुवात केली होती. अंगणात येऊन भावाला पाहिल्यावर तिचा आवाज मधेच थांबला, आणि मग तिनं भावाच्या पाठीत दोन धपाटे घातले. फूल पाठवणारी ती नव्हतीच. मोबाईल नातवाच्या हातात होता.

अकरापर्यंत अंगणात पन्नास माणूस झालं. काहींना हसू येत होतं, काहींना राग. खोट्या बातमीनं आयुष्य वाढतं, असं जो तो म्हणत होता. पण भामाबाईनं मूळ मुद्दा काढला. तिनं विचारलं, बातमी ऐकून अंघोळ कुणी कुणी केलीय.

खराड्यांच्या घरात हे असं एकदा पूर्वी घडलं होतं. बाळासोंचे चुलते पासष्टच्या लढाईत होते. ते गेल्याची तार आली. घरानं अंघोळी केल्या, सुतक धरलं, आणि सातव्या दिवशी चुलते लोखंडी पेटी खांद्यावर घेऊन दारात. तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या बाईनं असा दंडक घातला, की जित्या माणसाच्या नावानं ज्यानं अंघोळ केली त्यानं त्याच माणसाच्या हातचं पाणी प्यायचं. त्याशिवाय ती अंघोळ उतरत नाही, दोघांनाही बाधते. चुलत्यांनी त्या दिवशी विहिरीवर उभं राहून सगळ्या वस्तीला ओंजळीत पाणी वाटलं होतं.

बाळासोंना अंबूबाईनं तांब्या भरून दिला. हात कापत होता, पण त्यांनी कुणाला धरू दिला नाही. माणसं ओळीनं येऊन ओंजळ धरत होती. दादासो प्याला. भामाबाई प्यायली आणि वर भावाचा कान धरला. पुण्याहून वीरधवलचा फोन आला. त्यानंही अंघोळ केली होती, वाढदिवसाच्या दिवशीच. त्यानं सुचवलं की व्हिडिओवर काकांनी तिकडं तांब्या वाकडा करावा, इकडं तो आपल्या नळाचं पिईल. अंबूबाईनं त्याला सांगितलं, तुझी तहान मोबाईलवर भागत असंल तर तसं कर, न्हाईतर रविवारी ये. वीरधवल रविवारी येतो म्हणाला.

शिवतेजनं विचारलं, आता ग्रुपवर माफीचा चांगला मजकूर कसा लिहू. कुठलातरी तयार मजकूर त्याला सापडलाही होता. अंबूबाईनं मोबाईल तोंडाशी धरायला लावला आणि स्वतःच बोलली. "मी अंबूबाई बोलतीया. ह्यांना काय झालं न्हाई. ज्यानं कुणी अंघोळ केली असंल त्यानं सवडीनं येऊन ह्यांच्या हातचं पाणी पिऊन जावा. फुलं आन हात पाठवू नका, यायचं तर स्वतः या."

मग लीलाबाईचा फोन आला. लीलाबाई म्हणजे गुंडाची बायको. तिनं सोनियाला जे सांगितलं ते सोनियानं सगळ्यांदेखत सासूला सांगितलं. फलक बघितल्याबरोबर गुंडानं बागेतल्या पंपाखाली कपड्यानिशी अंघोळ केली होती. ओल्या अंगानंच मोबाईलमधे बोलला, मोटारसायकलला किक मारली आणि निघाला. विट्याच्या पुढं आल्यावर त्याला कळलं की भाऊ जिता आहे. तेव्हा त्यानं बोललेलं पुसून टाकलं आणि आता कडेपूरच्या फाट्यावर चहाच्या टपरीत बसलाय. पुढं येत नाही आणि मागंही जात नाही.

ओंजळी धरायच्या थांबल्या.

पहिल्यांदा बोलला तो इंद्रजित. मागच्या वर्षी हवालदार म्हणून निवृत्त होऊन तो शेती बघत होता, आणि काकाचा विषय निघाला की त्याचा आवाज कवायतीच्या मैदानावरचा होई. त्याचं म्हणणं सरळ होतं. मेला म्हणल्यावर निघाला, जिता हाय म्हणल्यावर थांबला, ह्याच्यात सगळं आलं. त्याला आणायला जायची गरज न्हाई. आणि फलकावर पहिला चेहरा त्याचा का, हेही त्यानं शिवतेजला विचारलं.

सोनिया नवऱ्याच्या विरुद्ध गेली. पाठचा भाऊ पहिलाच असतो, ती म्हणाली. भामाबाई तिच्या बाजूला सरकली. दादासो इंद्रजितकडं राहिला. मग गुंडा त्या आवाजात काय म्हणाला होता, यावर वाद लागला. कुणी म्हणालं, तो माफी मागत होता. कुणी म्हणालं, शिव्या देत होता. एकजण म्हणाला, जमिनीचं काहीतरी होतं. ज्यांनी दहा सेकंद ऐकलं होतं ते पूर्ण ऐकल्यासारखं बोलत होते, आणि ज्यांनी ऐकलंच नव्हतं ते सगळ्यात ठाम होते.

बाळासो हातातला तांब्या तसाच धरून एकेकाच्या तोंडाकडं बघत होते. शेवटी त्यांनी बायकोकडं पाहिलं.

"तू ऐकलंयस."

"ऐकलंय."

"मग सांग की."

"माझ्या तोंडनं ते खोटं व्हईल," अंबूबाई म्हणाली. "तुमास्नी त्यो हवा हाय का त्याचं बोलणं?"

बाळासोंनी तांब्या खाली ठेवला. अकरा वर्षांत जे त्यांनी कधी कबूल केलं नव्हतं ते एवढ्या माणसांत त्यांच्या तोंडून निघालं. "त्यो हवा हाय," ते म्हणाले. "त्यानं अंघोळ केलीया. मी आजारी माणूस. ही बाधा घिऊन आणखी किती दिस काढू? न्हाई आला तर ह्या पाण्याला काय अर्थ न्हाई."

शिवतेज म्हणाला, फोन करतो. सोनिया म्हणाली, लोकेशन मागवते. अंबूबाईनं दोघांचे मोबाईल खाली ठेवायला लावले. पदर खोचला आणि मुलाला म्हणाली, गाडी काड.

इंद्रजित हलला नाही.

"तुला मारामारीला न्हेत न्हाई मी," ती म्हणाली. "मागल्या खेपंला आमी माणूस धाडला न्हाई. ह्या खेपंला दोन धाडू."

मायलेकरं निघाली. कराडचा पूल ओलांडला, उसाच्या बैलगाड्या मागं पडल्या, पुढं माळ लागला. ओगलेवाडीच्या पुढं इंद्रजितनं एकदा विचारलं, त्यात काका माझ्याविषयी काही बोलला होता का. अंबूबाई म्हणाली, तुझं नाव न्हवतं. त्यानं त्याला बरं वाटलं की वाईट, हे तिला कळलं नाही. पण पुढच्या खड्ड्यांमधून तो गाडी हळू चालवायला लागला.

फाट्यावरच्या टपरीत गुंडा एकटाच बाकावर बसला होता. पासष्टीचा माणूस, पण आज जास्तच म्हातारा दिसत होता. कपडे अंगावरच वाळल्यामुळं चुरगाळले होते. वहिनीला पाहून तो उठून उभा राहिला.

"वैनी, तुमी कशाला आला?"

"सांगावा घिऊन आलीया."

"कळलंय मला. मोबाईलवर आलंय. बरं झालं, देवाची किरपा." तो रस्त्याकडं बघत बोलत होता.

"मोबाईलवर आलं ते मोबाईलनं सांगितलं. मी माणूस आलीया. तुजा भाऊ जिता हाय, गुंडा. माझ्या डोळ्यांनी बघून आलीया. आता मला च्या सांग."

गुंडा तिच्याकडं बघत राहिला. मरणाचा सांगावा आणणारा माणूस दारात थांबतो, पाण्याला शिवत नाही आणि आल्या पावली परततो, हे त्या मुलखात लहान पोरालाही ठाऊक. चहा मागणारा सांगावेकरी त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं टपरीवाल्याला दोन चहा सांगितले. मग लांब गाडीला टेकून उभ्या असलेल्या पुतण्याकडं पाहिलं आणि बोटानं तिसरा दाखवला.

अंबूबाई चहा बशीत ओतून सावकाश प्यायली. गुंडाच म्हणाला, की आपण काय बोललो ते साऱ्या भावकीनं ऐकलं. बायाबापड्यांनी, पोराटोरांनी. अकरा वर्षं ताठ मानेनं काढली आणि मोबाईलपुढं लहान मूल झालो. मेला म्हणून रडलो आणि जिता आहे म्हणल्यावर पुसून टाकलं. आता कुठल्या तोंडानं त्या अंगणात जाऊ.

"कुणी ऐकलं न्हाई," अंबूबाई म्हणाली. "तितं पन्नास माणसं पन्नास गोष्टी सांगत्यात. पुरं ऐकलं ते मी एकलीनं. कुणाला बोलले न्हाई. ह्यांना बी न्हाई."

गुंडानं कप खाली ठेवला.

"तू म्हणलास," ती हळू बोलली, "वैनी, दादाला थांबवा. मी निघालोय. मी येस्तवर कुणी आगीला हात लावू नका. आईच्या वक्ताला झालं तसं करू नका. सारखं तेच म्हणलास. थांबवा, थांबवा."

गुंडानं खालचा ओठ दातांत धरला.

"मग थांबवलाय की," अंबूबाई म्हणाली. "सोप्यात बसवून आलीया. शेजारी तांब्या हाय. तू येस्तवर पाणी वाटायचं बी थांबलंय. चल."

गुंडा तरीही उठला नाही. तेव्हा इंद्रजित गाडीपासून चालत आला. कप हातात तसाच. तो काकासमोर उभा राहिला, पाय जुळवून, साहेबापुढं राहावं तसा.

"काका, त्या दिवशी आबांनी सांगितल्यालं, गाडी घिऊन जा म्हणून," तो म्हणाला. "मीच म्हणलो, कशाला, फोन करतो. दोनदा केला. मग लिवलं आन वाटलं, झालं आपलं काम. आबांनी आजवर माझं नाव सांगितलं न्हाई. तुमचा राग त्यांनी अंगावर घेतला."

हे अंबूबाईलाही नवं होतं. तिनं मुलाकडं पाहिलं. अकरा वर्षं हा काकावर का गुरगुरत होता ते तिला आत्ता उमगलं.

गुंडानं पुतण्याच्या बुटांकडं पाहिलं. मग म्हणाला, "बस. उभा का हाईस? च्या गार व्हतोय."

तिघांनी चहा संपवला. गुंडाची मोटारसायकल इंद्रजितनं घेतली आणि गुंडानं गाडीचं चाक हातात घेतलं, कारण पुतण्याच्या मागं बसून जाणं त्याला पटलं नाही.

ते पोचले तेव्हा दुपार टळायला आली होती. अंगणातलं एकही माणूस गेलेलं नव्हतं. सोनियानं आणि भामाबाईनं मिळून मोठ्या पातेल्यात पिठलं टाकलं होतं, भाकरीचा ढीग लागला होता, पण जेवायला कुणी बसलं नव्हतं. बाळासो सोप्याच्या पायरीवर उभे होते. खुर्चीत बसा म्हणून सगळ्यांनी सांगून झालं होतं.

गुंडा गाडीतून उतरला. काखेत एक पिशवी घट्ट धरलेली. शिवतेजनं सवयीनं मोबाईल वर धरला. इंद्रजित त्याच्याजवळून जाताना थांबला, तो मोबाईल घेतला आणि आपल्या खिशात घातला.

दोघा भावांच्या मधे चार हात अंतर राहिलं. बाळासोंनी तांब्या उचलला. गुंडानं पिशवी वहिनीकडं दिली, वाकला आणि ओंजळ धरली. निम्मं पाणी गुंडाच्या मनगटावरून कोपरापर्यंत वाहिलं. जे ओंजळीत पडलं ते तो घोटाघोटानं प्यायला. मग ओंजळ तशीच वर केली.

"आनिक वत," तो म्हणाला.

बाळासोंनी ओतलं. तांब्या रिकामा होईपर्यंत ओतलं.

"काय म्हणला हुतास रं त्यात?" त्यांनी विचारलं. "हितं जो त्यो येगळंच सांगतोय."

गुंडानं शर्टाच्या बाहीनं तोंड पुसलं. "ते मेलेल्यासाठी हुतं," तो म्हणाला. "तुज्या कामाचं न्हाई."

"मग माज्या कामाचं बोल."

गुंडानं भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. गळ्याची बाहेर आलेली हाडं, सैल झालेला सदरा. अकरा वर्षांचं बोलायचं साठलेलं होतं आणि त्यातलं सगळ्यात वरचं तेवढं निघालं.

"लय वाळलास दादा," तो म्हणाला.

बाळासोंनी मान हलवली. ते खरंच होतं. मग त्यांची नजर अंबूबाईच्या हातातल्या पिशवीवर गेली. त्यांनी विचारलं, भावाकडं रिकाम्या हातानं आला न्हाईस, काय आणलंयस बघू. गुंडा पिशवी घ्यायला पुढं झाला, पण बाळासोंनी आधीच तिचं तोंड उघडून आत हात घातला होता. बाहेर आलं ते पांढऱ्या कापडाचं ठाण. कोरं, पाच मीटरचं. वाटेत विट्याच्या बाजारातून घेतलेलं, भावाच्या अंगावर घालायला.

गुंडानं मान खाली घातली.

बाळासोंनी कापडाचं टोक अंगठ्याखाली धरून चोळलं. कांजी आहे की नाही ते बघितलं. उजेडाकडं धरलं.

"कापूस चांगला हाय," ते म्हणाले. "ह्यात दोन सदरं निघतील का गं?"

भामाबाईनं कानांवर हात ठेवले. मयताचं कापड जित्याच्या अंगाला लावायचं नसतं, आजारातनं उठलेल्या माणसानं असलं बोलू नये, ओढ्यात सोडून द्या ते, असं ती म्हणायला लागली. दोनचार बायांनी तिला दुजोरा दिला. अंबूबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ठाण हातावर घेतलं आणि नाकापासून बोटापर्यंत लांबी मोजत मोजत उलगडलं.

"अजून कुणाच्या अंगावर पडलं न्हाई," ती नणंदेला म्हणाली. "तवर ते नुसतं कापड हाय. दोन निघतील. उरलं तर शिवत्याला रुमाल."

बाळासो पायरीवर टेकले आणि त्यांनी शेजारची जागा हातानं झाडली. गुंडा तिथं बसला. पलीकडं दादासो पंगत धरायला सांगत होता, इंद्रजित पाण्याची घागर घेऊन निघाला होता.

"मला अर्ध्या बाहीचा शिवा," गुंडा म्हणाला. "बागेत पुऱ्या बाहीनं काम हुत न्हाई."